दोन दिवस उशीर आणि ३,६८४ रुपये: क्रेडिट कार्डाची लेट फी नेमकी लागते कशी?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. बहिणीच्या क्रेडिट कार्डाच्या बिलावरून घरात वाद पेटलाय, म्हणून इथल्या जाणकारांना विचारते.

बहीण इंदिरानगरला शिवणकाम करते, शाळांच्या गणवेशांच्या ऑर्डरी घेते. १ मार्चला तिने कार्डावर ४०,००० रुपयांचं ओव्हरलॉक मशीन घेतलं. त्यानंतर कार्डावर दुसरा एक रुपयाचाही खर्च नाही. बिल निघालं २० मार्चला, भरायची शेवटची तारीख होती ९ एप्रिल. ज्या दुकानदाराला ती गणवेश देते त्याचे पैसे १० तारखेला संध्याकाळी आले आणि ११ ला सकाळी तिने पूर्ण ४०,००० भरून टाकले. आता २० एप्रिलच्या बिलात हे आलंय:

विलंब शुल्क १,१००.००
व्याज २,०२१.९२
जीएसटी ५६१.९५
एकूण ३,६८३.८७

भावजींचं म्हणणं, उशीर झाला ना, मग गुपचूप भरा. मला ते पटत नाही. चाळीस हजारांवर दोन दिवसांचं व्याज दोन हजार कसं होईल? आणि विलंब शुल्काचा आकडा ठरवला कुणी? बँकेच्या कॉल सेंटरवर "सिस्टीमने लावलंय मॅडम" एवढंच उत्तर मिळालं.

सातपूरकर
सिस्टीम काय आकाशातून पडली का? कुणीतरी माणसानेच लिहिलीय ना ती. लेखी तक्रार करा, फोनवर काही होत नाही.

अंबड_एमआयडीसी
ताई, भावजी बरोबर आहेत. तारीख म्हणजे तारीख. कंपनीत आम्ही दोन मिनिटं उशिरा पोचलो तरी पंचिंगला लाल शाई लागते.

निवृत्त_रोखपाल
ताई, या बिलात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाखाली एक छापल्यात, म्हणून त्या एकाच चुकीची शिक्षा वाटतात. विलंब शुल्क हा दंड आहे. व्याज हे उसन्या पैशाचं भाडं आहे. दोघांचे नियम निराळे, आणि तुमच्या बाबतीत दोघांची उत्तरंही निराळी येतात.

आधी दंडाचं बघू. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त काळ पैसे थकले, तरच विलंब शुल्क लावता येतं. नियम जुना आहे, २०१५ साली आला. पुढे एप्रिल २०२२ मध्ये क्रेडिट आणि डेबिट कार्डांबद्दलचे एकत्रित निर्देश निघाले, त्यातही तो तसाच ठेवला. तुमची देय तारीख ९. म्हणजे १२ एप्रिलपर्यंत रक्कम जमा झाली तर दंड नाही. बहिणीने ११ ला भरले. सबब ते १,१०० आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी १९८, असे १,२९८ रुपये बँकेने परत करायला हवेत. यात उपकाराचा प्रश्न येत नाही, हा तुमचा हक्क आहे.

आता व्याज. इथे मात्र मन घट्ट करा. कार्डावर जे व्याजमुक्त दिवस मिळतात, त्यांना एक अट असते: बिल पूर्ण भरायचं आणि देय तारखेच्या आत भरायचं. अट मोडली की सवलतच जाते, आणि व्याज लागतं ते खरेदीच्या दिवसापासून. ९ तारखेपासून नाही. महिना ३.७५ टक्के म्हणजे वर्षाला ४५ टक्के, हा दर बऱ्याच कार्डांना असतो. ४०,००० वर दिवसाला झाले ४९ रुपये ३२ पैसे. १ मार्च ते ११ एप्रिल ४१ दिवस. गुणाकार करा: २,०२१.९२. तुमच्या बिलातला आकडा पैशासकट हाच आहे. म्हणजे बँकेने दोन दिवसांचं नाही, एक्केचाळीस दिवसांचं व्याज लावलंय.

गोदाकाठची
काका, मनापासून आभार. गुणाकार करून बघितला, खरंच पैशासकट जुळतोय. पण मग त्या तीन दिवसांच्या सवलतीचा उपयोग काय? दंड वाचला १,२९८ चा, आणि व्याज जीएसटीसकट २,३८६.

निवृत्त_रोखपाल
उपयोग दोन. एक म्हणजे दंड नाही. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: तीन दिवसांच्या आत पैसे भरले तर खातं थकलं अशी नोंद कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांकडे पाठवता येत नाही. व्याजाबद्दल अशी सवलत नियमात लिहिलेली नाही. त्यासाठी बँकेच्या अटींचं ते बारीक अक्षरातलं पत्रक उघडायचं. त्यात व्याज कसं मोजतात याचं उदाहरण द्यावं लागतं, आणि खरेदीच्या दिवसापासूनची मोजणी तिथे आकड्यांत मांडलेली असते.

पंचवटीचा_पोऱ्या
मी तर ऐकलंय की तीन दिवसांनंतर दंड लागला तरी तो चौथ्या दिवसापासूनच मोजतात. म्हणजे पाचव्या दिवशी भरलं तर एकाच दिवसाचा दंड.

निवृत्त_रोखपाल
@पंचवटीचा_पोऱ्या, नाही. तीन दिवस उलटले की थकलेले दिवस मूळ देय तारखेपासून मोजायचे, असं नियमातच म्हटलंय. शिवाय विलंब शुल्क बहुतेक कार्डांवर दिवसागणिक नसतंच, थकलेल्या रकमेच्या टप्प्याप्रमाणे एकरकमी असतं. चौथ्या दिवशी भरा नाहीतर पंधराव्या, आकडा तोच.

टप्पे_आणि_टोणपे
टप्प्यांचा विषय निघालाच आहे तर माझ्या कार्डाच्या पत्रकातले देतो. १०० रुपयांपर्यंत काही नाही. ५०० पर्यंत १००. हजारापर्यंत ५००. ५,००० पर्यंत ६००. १०,००० पर्यंत ७५०. २५,००० पर्यंत ९००. ५०,००० पर्यंत १,१००. त्यावर कितीही असो, १,३००. प्रत्येक बँकेचे टप्पे वेगळे, पण तुमच्या बहिणीचे १,१०० बघता तिचं पत्रक असंच दिसतंय.

नीट बघा, सगळ्यात जास्त मार कुणाला बसतो? ज्याचे ६०० रुपये राहिलेत त्याला. सहाशेवर पाचशे दंड, वर जीएसटी ९०. लाखभर थकवणाऱ्याला तेराशे. गरिबाच्या चुकीला लाखाच्या भावाने मोजायचं, हे मला अजिबात मान्य नाही. दंड असावा, पण रकमेच्या काही टक्के असावा.

अंबड_एमआयडीसी
टक्केवारी लावली तर लाखवाला दुसऱ्या बँकेत जाईल. म्हणून लावत नाहीत.

टप्पे_आणि_टोणपे
जाऊ दे की. सहाशेवाला कुठे जाणार, ते सांगा.

सिडकोची_सून
माझ्या मिस्टरांना वाटतं की मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावर छापलेली किमान रक्कम, भरला की काहीच लागत नाही. दर महिन्याला तेवढंच भरतात आणि "सगळं वेळेवर चाललंय" म्हणतात. खरं आहे का?

कॉलेजरोडची_शिक्षिका
ताई, अर्धं खरं आहे आणि नुकसान उरलेल्या अर्ध्यात आहे. देय तारखेच्या आत मिनिमम भरला तर विलंब शुल्क लागत नाही आणि थकल्याची नोंदही होत नाही. पण व्याज चालूच राहतं.

याच धाग्यातला आकडा घेऊ. ४०,००० बाकी, मिनिमम पाच टक्के म्हणजे २,०००. महिन्याचं व्याज ३.७५ टक्क्यांनी १,५००. त्यावर जीएसटी २७०. मिस्टरांनी भरलेल्या दोन हजारांतले १,७७० इथेच संपले. मुद्दलातून कमी झाले २३०. त्यातही त्या महिन्यात कार्डावर नवीन काहीच घेतलं नाही असं धरलंय. घेतलं असेल तर त्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज, कारण मागची बाकी असेपर्यंत व्याजमुक्त दिवस मिळत नाहीत. बिलावर एक इशारा छापलेला असतो, फक्त मिनिमम भरत राहिलात तर फेडायला महिने, वर्षं लागतील असा. रिझर्व्ह बँकेने तो सक्तीचा केलाय. मिस्टरांना तो दाखवा. त्यापेक्षा हा २३० चा आकडा कागदावर लिहून दाखवा.

सिडकोची_सून
दाखवला. गप्प झालेत. आता पासबुक काढून बसलेत.

निफाडचा_द्राक्षबागाईतदार
आमच्याकडे हीच गत, पण कारण वेगळं. फवारणीची औषधं, बागेला लागणारं सामान, सगळं हल्ली कार्डावर घेता येतं. बाग खाली होते जानेवारी ते एप्रिलात आणि व्यापारी म्हणतो "आठ दिवसांनी देतो". त्याचे आठ दिवस कॅलेंडरात सापडत नाहीत. कार्डाची तारीख मात्र दर महिन्याच्या ५ ला उभी. सोसायटीचं पीककर्ज वर्षाच्या हिशेबाने चालतं, कार्ड महिन्याच्या. शेतीचा खर्च कार्डावर करणं मुळात धोक्याचं, हे मी भावकीतल्या पोरांना सारखं सांगतो. तरी विचारतो, ही देय तारीख बदलून मिळते का?

अंबड_एमआयडीसी
मिळते, भाऊ. कार्डाचं बिलिंग सायकल, म्हणजे बिल निघायचं महिन्याचं चक्र, निदान एकदा तरी ग्राहकाला बदलून दिलंच पाहिजे असा नियम आहे. माझा पगार ७ ला, देय तारीख ४ होती. ॲपमधून बदलून १८ करून घेतली. काही बँकांत ॲपमध्ये, काहींत फोन करून.

निफाडचा_द्राक्षबागाईतदार
हे इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही. धन्यवाद, दादा.

झणझणीत_तर्री
मला या सगळ्यात वेगळीच भीती वाटते. हल्ली रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. परवा मिसळ खाल्ली तीसुद्धा क्यूआर स्कॅन करून कार्डावर. चहा, रिक्षा, कोथिंबीर, सगळं उधारीवर. मागची बाकी राहिली असेल तर त्या मिसळीवरही पहिल्या दिवसापासून व्याज?

कॉलेजरोडची_शिक्षिका
हो, मिसळीवरही आणि जादा पावावरही.

झणझणीत_तर्री
मग आजपासून रोख. पाव तरी बिनव्याजी खाऊ दे.

सराफबाजार
विषयाला धरून आहे म्हणून लिहितो. पाडव्याला आमच्या गल्लीत कार्ड घेऊन येणारे खूप असतात. त्यातले काही जण एका कार्डाचं बिल भरायला दुसऱ्या कार्डावरून एटीएममधून रोख काढतात. कृपा करून हे करू नका. रोख काढली की व्याजमुक्त दिवस एकही नाही, काढल्या क्षणापासून व्याज, वर काढण्याचं वेगळं शुल्क आणि त्यावर जीएसटी. एका कार्डाची लेट फी वाचवायला दुसऱ्यावर त्याहून मोठा खड्डा पडतो.

कोर्टकचेरी
वर कुणी मुद्दा काढला नाही म्हणून मी काढतो. ४५ टक्के व्याज बेकायदा आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने सांगितलंय की ३० टक्क्यांवर व्याज लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा. ताईंनी हा निकाल जोडून पत्र पाठवावं, बँक हादरेल.

वकिली_डगला
@कोर्टकचेरी, थांबा. तो निकाल ७ जुलै २००८ चा. त्यावर बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. व्याजदरांचा विषय रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला, ग्राहक आयोगाने त्यावर मर्यादा घालता येत नाही, अशी भूमिका घेतली. आज ३० टक्क्यांची कमाल मर्यादा अस्तित्वात नाही. ताईंच्या पत्रात हा मुद्दा घातला तर बँकेचा विधी विभाग त्याच ओळीवर बोट ठेवेल आणि तीन दिवसांचा जो भक्कम मुद्दा आहे तो बाजूला पडेल.

मला ४५ टक्के न्याय्य वाटतात असा अर्थ काढू नका. वाटत नाहीत. पण न्याय्य काय आणि आज लागू काय, यात फरक करूनच तक्रार लिहावी लागते.

कोर्टकचेरी
२०२४ चं माहीत नव्हतं. मुद्दा मागे.

पाथर्डी_फाटा
सिबिलचं वर आलंय त्याला पुस्ती. पाथर्डी फाट्याला फ्लॅट बघितला, गृहकर्जाला अर्ज केला आणि जुन्या कार्डावरची एक नोंद आडवी आली. कार्ड बंद केलं होतं, पण त्यावर वार्षिक शुल्क लागून बाकी वाढत राहिली होती. बँकेने चूक मान्य केली, नोंद दुरुस्तही झाली, पण तोवर बिल्डरने दिलेली मुदत संपत आली होती. म्हणून सगळ्यांना सांगतो, चारही कंपन्यांकडून, म्हणजे सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्ककडून, वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढून ठेवा. कर्जाला अर्ज करण्याच्या आदल्या दिवशी नको, चार महिने आधी.

सातपूरकर
कार्ड बंद करायलाही किती फिरवतात!

निवृत्त_रोखपाल
बाकी सगळी भरलेली असेल तर बंद करायचा अर्ज सात कामाच्या दिवसांत निकाली काढायचा असतो. पुढे उशीर झाला तर बँकेने ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे. दंड दोन्ही बाजूंनी आहे, एकाच बाजूचा आपल्याला पाठ असतो.

गंगापूर_रोड_४२२०१३
माझं मत जरा कडू आहे. इथे सगळे बँकेवर तुटून पडलेत, पण दहापैकी नऊ लेट फी एका साध्या गोष्टीने टळतात: ऑटो डेबिट. बचत खात्याला जोडा आणि विसरा.

कॉलेजरोडची_शिक्षिका
"विसरा" याला माझा ठाम विरोध. एक तर ऑटो डेबिटच्या फॉर्मवर दोन पर्याय असतात, पूर्ण रक्कम की मिनिमम. आमच्या शाळेतल्या एका मॅडमच्या फॉर्मवर कार्ड विकायला आलेल्या मुलानेच मिनिममवर खूण करून टाकली होती. मॅडम निर्धास्त, पैसे कापले जातायत म्हणून. व्याज चालू. दुसरं, त्या दिवशी खात्यात पैसे कमी असले तर ऑटो डेबिट परत जातं. मग बचत खात्याची बँक तिचं शुल्क लावते, कार्डवाली बँक परताव्याचं लावते, आणि तीन दिवसांत भरलं नाही तर लेट फी. एका चुकीचे तीन दंड.

गंगापूर_रोड_४२२०१३
मॅडम, मान्य. "विसरा" मागे घेतो. पूर्ण रकमेची खूण करा, आणि देय तारखेच्या आदल्या दिवशी खात्यातली शिल्लक बघा.

नाशिकरोड_देवळाली
एक प्रश्न. मी ४०,००० पैकी ३९,५०० भरले, ५०० राहिले. मग दंड ५०० वर की ४०,००० वर?

टप्पे_आणि_टोणपे
तुम्ही मिनिममपेक्षा कितीतरी जास्त भरलंय, म्हणून दंडच नाही. मिनिममपेक्षा कमी भरलं असतं तरी दंडाचा टप्पा उरलेल्या रकमेवरून ठरला असता. रिझर्व्ह बँकेने हे स्पष्ट केलंय: विलंब शुल्क देय तारखेनंतर जी रक्कम बाकी आहे तिच्यावर, पूर्ण बिलावर नाही. समजा मिनिमम २,००० होता आणि तुम्ही १,५०० भरले, तर टप्पा ३८,५०० चा.

निवृत्त_रोखपाल
पण ते पाचशे राहू देऊ नका. पूर्ण बिल भरलं नाही म्हणजे व्याजमुक्त सवलत गेली. पूर्वी ज्यांच्या अटींत पूर्ण बिलावर खरेदीच्या दिवसापासूनची मोजणी असायची, तिथे या ताईंच्या तारखा आणि आजचे दर घेतले तर १ मार्च ते ९ एप्रिल ३९ दिवसांचं व्याज ४०,००० वर लागलं असतं, १,९२३ रुपये, जीएसटी धरून २,२६९. त्यानंतर ५०० वर चालू राहिलं असतं ते वेगळंच. पाचशे रुपये राहिले म्हणून सव्वादोन हजार. माझ्या नोकरीच्या काळात सगळ्यात जास्त माणसं मी या एका गोष्टीने चक्रावलेली पाहिली. काउंटरवर येऊन म्हणायची, "साहेब, पाचशेच राहिले होते." आणि माझ्याकडे सांगायला अटींच्या कागदाशिवाय काही नसायचं. ते मला तेव्हाही बरं वाटत नव्हतं, आजही वाटत नाही.

सातपूरकर
काका, हे तुमच्यासारखं समजावून सांगणारं माणूस आता शाखेत बसत नाही, हेच दुखणं आहे.

गोदाकाठची
मंडळी, तक्रार लिहायला घेतेय. दोन शंका. एक, कुणाकडे पाठवायची? दोन, तक्रार चालू असताना ते ३,६८४ भरायचे की अडवून धरायचे? पुढची देय तारीख १० मे आहे.

पंचवटीचा_पोऱ्या
अजिबात भरू नका. भरले की विषय संपला, मग बँक कशाला ऐकेल?

वकिली_डगला
भरा. निदान व्याजाचे २,३८६ आणि दाखवलेला मिनिमम, यातलं जे जास्त असेल तेवढं १० मेच्या आत भरा. अडवून धरलं तर पुढच्या महिन्यात नवं विलंब शुल्क लागेल, आणि ते मात्र नियमात बसणारं असेल. ज्या रकमेबद्दल वाद आहे तेवढीच मागे ठेवा आणि तसं लेखी कळवा. जमत असेल तर सगळंच भरून टाका, पैसे भरल्याने तक्रारीचा हक्क जात नाही.

आधी बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल. भावना कमी, तारखा जास्त: देय तारीख ९ एप्रिल, भरणा ११ एप्रिल, भरण्याचा संदर्भ क्रमांक, आणि "तीन दिवसांपेक्षा जास्त थकबाकी नसताना लावलेलं विलंब शुल्क जीएसटीसह परत करावं" हे एक वाक्य. बिलावर हरकत घेतली की तीस दिवसांत खुलासा देणं बँकेवर बंधनकारक आहे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. २०२१ पासून एकच एकत्रित योजना आहे, रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर ऑनलाइन तक्रार होते, शुल्क नाही, वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री क्रमांक. थेट लोकपालाकडे धावलात तर "आधी बँकेकडे जा" म्हणून परत पाठवतील.

झणझणीत_तर्री
वकील स्वतःच सांगतायत की वकील लागत नाही. नाशिककर म्हणून अभिमान वाटला!

द्वारका_सर्कल
भरणा ११ ला झाला याचा पुरावा सांभाळा. दुसऱ्या ॲपवरून भरलं तर आपल्या खात्यातून पैसे जातात त्याच क्षणी, पण कार्डावर जमा दिसायला वेळ लागू शकतो. बँक म्हणेल आमच्याकडे १३ ला आले. म्हणून पावतीचा स्क्रीनशॉट आणि खात्याचा उतारा, दोन्ही जोडा. मी तर देय तारखेच्या चार दिवस आधीच भरतो, तेही बँकेच्या स्वतःच्या ॲपवरून.

कॉलेजरोडची_शिक्षिका
आणखी एक, महत्त्वाचं. असा धागा वाचून किंवा समाजमाध्यमावर तक्रार टाकून झाली की फोन येतात: "तुमची लेट फी माफ झाली, ओटीपी सांगा" किंवा "ही लिंक उघडा". फी परत करायला बँकेला ओटीपी लागत नाही, पैसे थेट कार्डाच्या खात्यात जमा होतात. चुकून कुणी सांगितलाच तर एक मिनिटही न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि कार्ड ब्लॉक करा. बहिणीलाही सांगून ठेवा, ताई.

गोदाकाठची
सांगितलं. ईमेल पाठवला, वकीलसाहेबांनी दिलेलं वाक्य जसंच्या तसं घातलं. ३,६८४ पूर्ण भरूनही टाकले, बहिणीला मे महिन्यात डोक्याला ताप नकोय. गणवेशाचा हंगाम आहे.

अंबड_एमआयडीसी
उत्तर आलं की इथे लिहा. मी वर भावजींच्या बाजूने बोललो होतो, तीन दिवसांचा नियम वाचून मत बदललंय.

गोदाकाठची
धागा वर काढतेय. बँकेचं उत्तर आलं. आधी छापील मजकूर आला की "शुल्क नियमाप्रमाणे योग्य आहे". त्यावर मी पुन्हा लिहिलं की देय तारीख आणि भरण्याची तारीख यांतले दिवस मोजून दाखवा, आणि लोकपालाचा उल्लेख केला. मग १,१०० आणि जीएसटीचे १९८ कार्डावर जमा झाले. व्याज कमी करायलाही विनंती केली होती, ते नाही म्हणाले. बहिणीचं म्हणणं, मशीन घेतलंय, पैसे त्यांचे वापरलेत, व्याजाला माझी हरकत नाही. जे लावायचा त्यांना अधिकार नव्हता ते परत आलं, मला तेवढं पुरे. भावजींनी चहा पाजला.

टप्पे_आणि_टोणपे
अभिनंदन! पण विचार करा, ज्यांनी दुसऱ्यांदा लिहिलं नसेल अशांचे १,२९८ कुठे गेले असतील? छापील उत्तरात चुकीची गोष्ट "नियमाप्रमाणे योग्य" म्हणून पाठवणं मला लेट फीपेक्षा जास्त गंभीर वाटतं. लोकपालाला हेही कळवा.

निवृत्त_रोखपाल
सहमत. आणि ताई, एक काम राहिलंय. तुम्ही पूर्ण रक्कम भरल्यामुळे आता कार्डावर १,२९८ जास्तीचे जमा आहेत. ते पुढच्या खरेदीत वळते होतील, किंवा बचत खात्यात परत मागता येतात. मागायचे असतील तर आत्ताच मागा.

निफाडचा_द्राक्षबागाईतदार
माझीही देय तारीख बदलून मिळाली, ५ ची २२ झाली. पण आता या महिन्याचं बिल नेहमीपेक्षा जास्त दिवसांचं आलंय, रक्कम मोठी दिसतेय. काही गडबड आहे का, काका?

निवृत्त_रोखपाल
गडबड नाही. सायकल बदलली की मधलं एक बिल लांब किंवा आखूड येतं. फक्त त्या बिलावर छापलेली देय तारीख बघा आणि तीच धरा, काही कार्डांवर पहिल्या बदललेल्या बिलाला ती वेगळी पडते. आणि व्यापाऱ्याचे पैसे आले की पहिलं ते भरा, औषधाच्या दुकानदाराला दोन दिवस थांबवता येईल.

निफाडचा_द्राक्षबागाईतदार
बघितलं. २४ छापलंय. २२ ला येणारे पैसे २३ लाच भरतो.